कुंथलगिरीचे मौन आणि बालकांची वाणी

सोलापूर–धुळे महामार्ग सोडून भूम तालुक्याकडे वळले की बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या सामोऱ्या येतात. दोन्ही बाजूंना ज्वारीची शिवारे, दुधाच्या कॅनी लादलेल्या दुचाक्या आणि खवा आटवणाऱ्या भट्ट्यांचा धूर. धाराशिव जिल्ह्याच्या या कोपऱ्यात कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिबंधूंचे हे निर्वाणस्थान. दर्शन घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन यात्रेकरू परततात. या डोंगराशी निगडित दोन प्रसंगही त्यांनी सोबत न्यावेत असे आहेत.

पहिला प्रसंग पुराणातला. पद्मपुराणातील कथेप्रमाणे वंशस्थल पर्वतावर हे दोघे मुनी ध्यानस्थ असताना त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला. रात्री डोंगरावरून येणाऱ्या भयंकर आवाजांनी घाबरून आसपासचे लोक घरे सोडून जात. मुनींनी कोणालाही हाक मारली नाही. वनवासात तेथे आलेले राम, लक्ष्मण आणि सीता मात्र लोक जिथून पळत होते तिथेच गेले. त्यांनी उपसर्ग दूर केला आणि मुनींना केवलज्ञान प्राप्त झाले.

दुसरा प्रसंग अलीकडचा. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना धारण केली आणि 18 सप्टेंबर 1955 रोजी त्यांचे समाधिमरण झाले. त्याच्या दहा दिवस आधी महाराजांनी मराठीत केलेला अखेरचा उपदेश यंत्रावर ध्वनिमुद्रित करण्यात आला. क्षीण झालेल्या देहातील ती वाणी यंत्रामुळे टिकली. यंत्रातून ऐकू आली म्हणून ती महाराजांची नव्हे, असे कोणीही म्हटले नाही.

मुनींचे मौन स्वीकारलेले असते. बोलण्याची शक्ती असूनही ती आवरली जाते, म्हणूनच वचनगुप्ती ही साधना ठरते. परंतु डोंगर उतरून जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतील गावांकडे निघाले, तर वेगळेही मौन भेटते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता यांमुळे काही बालकांच्या मुखातून शब्द उमटत नाहीत, किंवा उमटले तरी घराबाहेरच्यांना कळत नाहीत. हे मौन त्यांनी निवडलेले नाही. ‘त्याला काही समजत नाही’ हा शेरा मात्र त्यांच्या वाट्याला सहज येतो. वस्तुतः बोलता न येणे आणि न समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जैन दर्शनात संज्ञी जीव तो, ज्याला मन आहे. जिभेच्या चपळतेशी त्या मनाचा संबंध नाही.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्हे आहेत, त्यांपैकी धाराशिव एक. येथील बहुतेक खेड्यांपासून वाचोपचारतज्ज्ञ दूर आहेत. अशा ठिकाणी समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांचा आधार मोठा असतो. ते शाळांना भेटी देतात आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या बालकाच्या घरीही जातात. आता घराघरांत असलेला मोबाईल या कामी येऊ शकतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आयडीसी या अभिकल्प विभागात प्राध्यापक रवी पूवय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेलो’ हे संवाद-ॲप तयार केले. ते विनामूल्य असून मराठीतही आहे. पडद्यावर खाणे, दैनंदिन क्रिया, माणसे, ठिकाणे, भावना, मदत अशा विभागांची चित्रे असतात. कडेला आवडते–आवडत नाही, हो–नाही, अधिक–कमी अशी बटणे असतात. बालक चित्राला स्पर्श करते, मग बटणाला, आणि फोन ते वाक्य मोठ्याने उच्चारतो. त्याच वाटेवर आधी चेन्नईतील अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे साधन घडवले होते.

परंतु ॲप घेतले म्हणजे वाणी आली असे होत नाही. पहिली चूक परीक्षेची. बालकाच्या हाती फोन देऊन ‘हत्ती दाखव, आंबा दाखव’ असे विचारत राहिले, तर ते साधन वाणी न राहता प्रश्नपत्रिका होते. मोठ्यांनी आधी स्वतः त्याच चित्रांवर बोट ठेवून बोलावे. ‘पाणी हवे?’ असे विचारताना पाण्याच्या चित्राला स्पर्श करावा. मग थांबावे. दहा अंक मनात मोजेपर्यंत न बोलता थांबणे मोठ्यांना अवघड जाते, पण त्या थांबण्यातच बालकाला उत्तराची जागा मिळते.

दुसरी गोष्ट नकाराची. ‘दे’, ‘हवे’ हे शब्द सर्वजण आनंदाने शिकवतात. ‘नको’ शिकवायला मात्र मागेपुढे पाहतात. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, तो चावतो, ओरडतो, ताट ढकलतो आणि हट्टी ठरतो. म्हणून नकाराचे बटण आरंभापासून हवे आणि त्याचा मानही राखला जावा.

तिसरी गोष्ट गावाच्या भाषेची. या भागात अनेक घरांत आईला ‘माय’ म्हणतात. उमरगा, नळदुर्गकडे मराठीच्या शेजारी कन्नड आणि उर्दूही नांदते. जैन घरातील बालकाला ‘जय जिनेंद्र’, ‘मंदिर’, ‘पाठशाळा’ हे शब्द लागतात. कुंथलगिरीजवळच्या बालकाला ‘पेढा’ लागतो. ॲपमध्ये स्वतःचे चित्रफलक तयार करण्याची सोय आहे. आजीचे, गोठ्याचे, मंदिराच्या पायऱ्यांचे छायाचित्र त्यात घालता येते. चार्जिंग संपले तर तीच चित्रे कागदी तक्त्यावर असावीत. आणि शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नये, कारण तो त्या बालकाचा आवाज असतो.

यंत्राची सवय लागली तर मूल कधीच बोलणार नाही, ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी 2006 मध्ये या विषयावरील संशोधनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील भक्कम पुराव्याच्या 27 व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते, उलट बहुतेकांचे थोडेफार वाढले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचा समावेश केला आहे.

श्रावकाला यात कायद्यापलीकडचेही काही दिसावे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रितांचे अन्नपाणी अडवणे. कोणतीही माता जाणूनबुजून तसे करत नाही. परंतु तहान लागलेली असूनही बालकाला ती सांगता येत नसेल आणि सांगण्याचे साधन उपलब्ध असूनही ते दिले गेले नसेल, तर न कळत घडणारा निरोध तो हाच. दिगंबर परंपरेत तीर्थंकरांची दिव्यध्वनी अनक्षरी मानली आहे. ती प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत उमगते. अक्षरांवाचूनही अर्थ पोहोचतो, यावर श्रद्धा असलेल्या समाजाला चित्रांची वाणी परकी वाटू नये.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावणीच्या दिवशी घरोघरी लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. न बोलणाऱ्या बालकाच्या डोक्यावरून हात फिरवून सर्वजण पुढे जातात. त्याचे उत्तर कोणी ऐकत नाही. यंदा त्या दिवसापूर्वी त्याच्या फलकावर ‘उत्तम क्षमा’ हे एक बटण असावे. त्याच्यासमोर बसून हात जोडावेत, क्षमा मागावी, आणि तो बोट उचलेपर्यंत थांबावे.