हा खटका बंद करू नये

सिंगापुरात भेटलेल्या मराठी माणसाला ‘मी आयटीत नाही’ असं सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. पुढे काय विचारायचं ते त्याला सुचत नाही. मी जहाजांच्या विम्यात काम करते. तरीही घरातला वायफाय, शेजारच्या आंटींचा प्रिंटर आणि बाबांचा लॅपटॉप या तिन्ही खात्यांचा कारभार माझ्याकडे आहे. पहिली दोन खाती तशी सोपी. तिसऱ्याने मात्र गेल्या वर्षीचे चार-पाच महिने खाल्ले.

आई गेल्यानंतर, २०२३ मध्ये, बाबा ‘थोडे दिवस’ म्हणून आमच्याकडे आले. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. येताना कपडे कमी आणि लॅपटॉप जड अशी त्यांची बॅग होती. लॅपटॉप २०१३ चा. चार जीबी मेमरी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे वायर लावली तरच जिवंत. मूळचं विंडोज ८; फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपायच्या आत बाबांनी ते विंडोज १० करून घेतलेलं. फुकट आणि मुदतीच्या आत, दोन्ही गोष्टी साधल्याचं समाधान त्यांना अजून आहे.

पण २०१९ अखेरच्या आवृत्तीनंतर गाडी पुढे सरकेना. अपडेट उतरायचं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचा, निळ्या पडद्यावर टक्के चढायचे आणि सकाळी बघावं तर ‘बदल मागे घेतले’. त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या मे २०२१ मध्येच थांबलेल्या. म्हणजे बाबा चार वर्षं कुलूप नसलेल्या दारातून पेन्शनचं खातं बघत होते. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाच आधार संपणार, हे जाहीर झालेलं. मी जूनमध्ये हात घातला.

अशा वेळी पहिला मोह होतो तो पडद्यावरचा आकडा शोधून त्याचा उपाय करण्याचा. आकड्याने दिशा कळते, कारण कळेलच असं नाही. जानेवारी २०२४ मधलं एक उदाहरण. विंडोज १० च्या एका सुरक्षा दुरुस्तीला डिस्कवरच्या रिकव्हरीच्या छोट्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेक जुन्या कॉम्प्युटरांत तो कप्पाच लहान. पण लोकांना दिसत होता ‘शून्य-एक्स-आठ-शून्य-शून्य-सात-शून्य-सहा-चार-तीन’, आणि त्याचा अर्थ काय, तर इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली. डॉक्टरांनी तपासून ‘तुम्हाला बरं नाही’ असं सांगावं तसं.

म्हणून मी आधी साध्या गोष्टी बघितल्या. जागा: मोठ्या अपडेटला पंधरा-वीस जीबी तरी मोकळी लागते, बाबांकडे सहा होती. बाकीची जागा कोणी अडवली होती, तर फोनमधून वेळोवेळी उतरवून ठेवलेल्या सुप्रभात संदेशांनी. सूर्योदय, गुलाब, गणपती, वर्षवार लावलेले. ‘लोकांनी आठवणीने पाठवलेत,’ बाबा म्हणाले. ते सगळं एका बाहेरच्या डिस्कवर हलवलं. पुसलं काही नाही. मग डिस्क क्लीनअपने जुन्या तात्पुरत्या फायली काढल्या आणि एकतीस जीबी मोकळी झाली.

दुसरी गोष्ट घड्याळ. वायर काढली की लॅपटॉपची तारीख १ जानेवारी २०१३ ला जायची, कारण आत मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवणारा जो चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तो संपला होता. बाबा रोज सकाळी भिंतीवरचं कालनिर्णय बघून तारीख हाताने घालायचे. त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. देवपूजेच्या आधी दिनांक-वार बघतातच की. पण ज्या दिवशी विसरत, त्या दिवशी काहीच चालायचं नाही. याचं कारण गमतीचं आहे. अपडेट देणारा सर्व्हर आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवतो आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. लॅपटॉप २०१३ मध्ये बसलेला असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. मग तो संशय घेतो आणि दार लावतो.

लॅपटॉपचं घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायचं, ही बाबांची अट. त्याने बिघडत नाही; टाइम झोन भारताचा निवडला की झालं. अडीच तासांचा हा फरकही तसा जुना नाही. १ जानेवारी १९८२ ला मलेशियाबरोबर सिंगापूरने आपली घड्याळं अर्धा तास पुढे केली, तोवर तो दोनच तास होता. हे मी बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, ‘बघ, इथल्या सरकारनेही हाताने घड्याळ लावलं होतं.’

सेल बदलायला आम्ही सिम लिम स्क्वेअरला गेलो. रोचोर स्टेशनवरून पायी. त्या इमारतीत शिरल्यावर बाबांना एकदम अप्पा बळवंत चौकाची आठवण झाली. तिथे पुस्तकं, इथे वायरी, एवढाच फरक. एका दुकानदाराने लॅपटॉप उचलून, वजन करून परत दिला. ‘अंकल, बाय न्यू लाह.’ दुसऱ्याने न बोलता तो उघडला, वायरवाला सेल काढून नवा बसवला, आणि आतल्या धुळीचा गठ्ठा बाबांच्या हातावर ठेवला. पुण्याची धूळ ती. बाबांनी रुमालात घेतली.

सेल बसला, जागा झाली, अर्धवट उतरलेल्या अपडेटच्या फायलींचा फोल्डर बाजूला सारून सगळं नव्याने उतरवलं. विंडोजच्या मूळ फायली तपासणाऱ्या दोन आज्ञाही दिल्या, एक डिझ्मची आणि एक एसएफसीची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग प्रयत्न करायचा, हे पथ्य सगळं पाळलं. तरी सकाळी ‘बदल मागे घेतले’.

मग मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज आपली रोजनिशी लिहीत असतं, आपण ती सहसा वाचत नाही. तिच्यात एक नोंद पुन्हा पुन्हा दिसली: आधी अमुक वाजता झालेलं बंद होणं अनपेक्षित होतं. वेळा बघितल्या. नऊ एकतीस. नऊ चौतीस. नऊ अठ्ठावीस. भारताच्या वेळेने. म्हणजे आमच्याकडे रात्री बाराच्या आसपास, बाबा पाणी प्यायला उठतात तेव्हा.

बॅटरी मेलेल्या लॅपटॉपचं भिंतीवरचं बटण बंद केलं की तो त्या क्षणी जातो. अपडेट मध्यावर असेल तर पुन्हा सुरू होताना विंडोजला केलेलं सगळं उलट फिरवावं लागतं. ते दर वेळी जमलं, हेच नवल.

‘बाबा, रात्री बटण तुम्ही बंद करता?’

‘करतो.’

‘वीज वाचवायला?’

‘नाही.’

मग त्यांनी सांगितलं. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याला असंच एक मोठं अपडेट रात्रीत झालं. सकाळी लॅपटॉप उत्तम चालत होता, फक्त मराठी उमटत नव्हतं. बाबांचं मराठी जुनं आहे. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी पुण्यात मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअरं होती. पत्रिका, पुस्तकं, पाट्या सगळं त्यांत व्हायचं. त्याच पिढीतलं एक सॉफ्टवेअर बाबा वापरतात. ते यूएसबीत खोचलेली एक किल्ली असेल तरच चालतं, आणि त्या किल्लीचा ड्रायव्हर अपडेटनंतर पुन्हा बसवावा लागत होता. दहा मिनिटांचं काम. पण ते करणारा मुलगा येणार त्याच्या आधी लॉकडाऊन लागला. जुलै उजाडेपर्यंत बाबांना मराठीत एक ओळ लिहिता आली नाही. ‘वेळच वेळ होता,’ ते म्हणाले, ‘आणि तुझी आई तेव्हा सांगत होती. तिला सगळं आठवत होतं.’

ते लिहीत होते पानशेतबद्दल. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा बाबा चौदा वर्षांचे, शनिवार पेठेत राहणारे. आई त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, नदीच्या पलीकडे. पुढे बाबा पाटबंधारे खात्यातच आरेखक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेली वीस वर्षं ते आपल्या गल्लीचा पूर लिहितायत: कोणाच्या वाड्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत होतं, कोण कोणाकडे राहायला गेलं, कोणाची भांडी कोणाकडे सापडली. दोनशे बारा पानं. सगळी त्या लॅपटॉपवर, त्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर कुठल्याशा युरोपीय लिपीतली टिंबं-कोंब दिसतात.

तेव्हा अपडेट अपयशी होत नव्हतं. बाबा ते होऊ देत नव्हते. मला वाटतं, त्यांच्या जागी मीही दिलं नसतं.

तरी मी वाद घातला. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायची गोष्ट सांगितली: ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्याकडे तो पसरला, ब्रिटनमधल्या इस्पितळांची कामं अडली. बाबा ऐकून घेतात आणि मग आपलंच बोलतात. ‘पानशेतचं बांधकाम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं होतं. अर्धवट काम काय करतं ते मला शिकवू नकोस.’

‘मग रोज रात्री अर्धवट काम कोण सोडतं?’

यावर ते हसले नाहीत, पण चहा मागितला.

उपाय शेवटी कुठल्याच आज्ञेत नव्हता. मी त्यांची सगळी प्रकरणं पीडीएफ करून घेतली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे वाचायला किल्ली लागत नाही. पहिलं प्रकरण माझ्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिलं. ‘शनिवार पेठ’ हे शब्द त्यांच्याच अक्षरवळणात, फोनवर. त्यांनी चश्मा पुसून तीन पानं वाचली, एक शुद्धलेखनाची चूक काढली, आणि म्हणाले, ‘कर काय करायचं ते.’ मूळ फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर, किल्लीच्या ड्रायव्हरची सीडी माझ्या कपाटात. मग अपडेट लावलं. बटणावर चिकटवायची सूचना बाबांनी स्वतः लिहिली:

‘हा खटका रात्री बंद करू नये. केल्यास होणाऱ्या परिणामांस घरातील कोणीही जबाबदार राहणार नाही.’

पाच तास लागले. सकाळी ड्रायव्हर पुन्हा बसवला, किल्लीचा दिवा लागला, मराठी उमटलं.

आणि अर्थात हे सगळं ऑक्टोबरपुरतंच होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. २०१३ च्या यंत्रात ते कुठून आणणार? नाव नोंदवून सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढी सोय आहे. लिनक्स घालून अशी यंत्रं आणखी काही वर्षं चांगली चालतात. २०२० च्या एप्रिलमध्ये इथल्या शाळा घरी आल्या तेव्हा इंजिनिअरिंग गुड या संस्थेच्या स्वयंसेवकांनी लोकांचे जुने लॅपटॉप दुरुस्त करून, हजारोंनी, ज्या मुलांकडे नव्हते त्यांना दिले. म्हातारं यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र हे मला तेव्हापासून पटत नाही. पण बाबांची किल्ली लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी बंद.

आम्ही कामं वाटून दिली. पेन्शनचं खातं, ईमेल आणि सुप्रभात आता एका नव्या छोट्या लॅपटॉपवर. जुन्याचं वायफाय बंद करून टाकलंय. तो फक्त लिहिण्यासाठी. इंटरनेट नाही तेव्हा अपडेट नाही, आणि आत शिरायला दारही नाही. फायली पेनड्राइव्हवरून जातात.

दरम्यान जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेण्याचं काम सुरू केलंय. बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते मराठीला अडखळतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे दोन्ही एकत्र आले की गोंधळ: ‘आर्थिक’ आणि ‘धार्मिक’ हे शब्द दर वेळी मोडतात. पुराच्या हकिकतीत ‘आर्थिक’ किती वेळा येतो ते मोजायला नको.

रोज संध्याकाळी मी बदललेली पाच-सहा पानं वाचते आणि बाबा शेजारी पीडीएफ धरून बसतात. सध्या एकशे अडतिसाव्या पानावर आहोत. तिथे आईने सांगितलेला भाग सुरू होतो, तो बाबांनी २०२० च्या जुलैनंतर लिहिला. मध्ये एका ठिकाणी कंसात ‘हिला पुन्हा विचारणे’ असं आहे. तो कंस ठेवायचा की काढायचा, हे अजून ठरलेलं नाही. लॅपटॉप चालू आहे, आणि खटक्यावरचा कागद सेलोटेप सुटल्यामुळे दोनदा पुन्हा चिकटवला.