सालीची जाडी

जेवढें कापावें तेवढेंच निघतें, हा व्यवहारांतला समज लेथयंत्र मानीत नाहीं. केज येथील एका दुरुस्तीच्या दुकानांत लेथवर निघालेली पोलादाची साल आम्हीं निवल्यावर मापून पाहिली. हत्यार दर फेऱ्यास पाव मिलिमीटर सरकत होतें. साल मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही जाड भरली.

याचें कारण असें कीं, हत्यारापुढें धातु दाबला जातो आणि पत्त्यांच्या जुडीसारखा थराथरानें घसरतो. कापाच्या खोलीवर ठरणारी सालीची रुंदी बहुधा तशीच राहते. जाडी वाढते व लांबी घटते. अमेरिकन संशोधक युजीन मर्चंट यांनीं १९४५ सालीं या क्रियेचें गणित मांडलें. हत्याराच्या तोंडास उतार नसेल व घसरणीचा कोन २० अंशांचा असेल, तर साल सुमारें पावणेतीनपट जाड होते. कोन वाढला कीं साल पातळ होते व जोरही कमी लागतो.

कारागिरास हें सूत्र ठाऊक नसतें. पण साल जाड येऊं लागली कीं तो हत्यार धारेस लावतो. आमच्या पदवीधरांस सूत्र पाठ असतें, साल वाचतां येत नाहीं. या दोघांची गांठ घालून देणें, हेंच शिक्षणाचें खरें काम आहे.