दुसरा स्लॉट

पौडला घरी बसून मी बांधकामाचे नकाशे काढतो. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये बसणाऱ्या टेबलावर नवा संगणक जोडायचा होता, त्यामुळे कॅबिनेट लहानच हवं होतं. मनात मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड होता. १७ सेंटिमीटरचा हा चौकोन व्हिआ कंपनीनं २००१ मध्ये आणला. दुसरा पर्याय मायक्रो-एटीएक्स; तो २४.४ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी ७.४ सेंटिमीटरनं मोठा.

पुण्यात पार्ट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "दादा, ग्राफिक्स कार्ड लावणार?"

"लावणार."

"मग मिनीवरचा एकुलता एक स्लॉट त्यातच गेला."

हे ऐकून मला शेजाऱ्यांचा संगणक आठवला. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा फार. इंटरनेटची केबल खांबावरून, पत्र्यावरून घरात येते. एकदा वीज कडाडली आणि त्यांचा लॅन पोर्ट गेला. पोर्ट बोर्डालाच पक्का जोडलेला, पण शेजारी रिकामा स्लॉट होता. त्यात साधं लॅन कार्ड बसवलं आणि बोर्ड बदलावा लागला नाही. यूएसबीचा अ‍ॅडाप्टरही चालतो, पण आत स्क्रूनं आवळलेलं कार्ड धक्का लागून निसटत नाही.

पॉवर सप्लायचंही तसंच. मिनी-आयटीएक्सच्या बऱ्याच लहान कॅबिनेटांना एसएफएक्स सप्लाय लागतो. मी फिरलो त्या दुकानांत तो मागवून घ्यावा लागत होता. साधा एटीएक्स सप्लाय मात्र समोरच मांडलेला. विजेचा दाब सतत वरखाली होणाऱ्या गावात हा भाग लगेच मिळणं फार मोलाचं आहे.

राहिला जागेचा प्रश्न. घरी येऊन दोन्ही कॅबिनेटांच्या मापाचे पुठ्ठे कापून टेबलावर ठेवले. उभ्या कॅबिनेटमध्ये बोर्डही उभाच असतो. त्यामुळे तो मोठा घेतला, तर वाढते ती मुख्यतः उंची आणि खोली. टेबलावरची रुंदी ग्राफिक्स कार्ड आणि कूलर ठरवतात. माझ्या टेबलावर खोलीला जागा होती. मग चार रॅम स्लॉटचा मायक्रो-एटीएक्स घेतला, दोन स्लॉट पुढच्या मोठ्या नकाशांसाठी मोकळे ठेवले.

दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर असेल आणि कार्ड एकच लावायचं असेल, तर मिनी-आयटीएक्स जरूर घ्यावा. पण बिघडलेल्या पार्टासाठी चांदणी चौक ओलांडून पुण्यात जावं लागत असेल, तर बोर्डाच्या मापाआधी त्यावरचे स्लॉट मोजावेत.