बाराव्या दिवसाच्या आधीं

बाळंतपण माहेरीं व्हावें, हा आपल्याकडील संकेत जुना आहे. पण माहेरच चार हजार मैलांपलीकडे राहिलें म्हणजे काय करावें, हें तो सांगत नाहीं. नोकरीनिमित्त आम्ही उभयतां हॉलंडांतील लायडन शहरीं राहत असतां, 2019 सालच्या नोव्हेंबरांत, आमची कन्या जन्मास आली. सासूबाईंचा व्हिसा वेळेवर हातीं पडला नाहीं. पोंचला तो त्यांनीं सांगलीहून धाडलेला डबा: डिंकाचे लाडू, अळीव, ओवा आणि बाळंतशोपा.

त्या देशांत प्रसूति सुखरूप झाली कीं आईला कित्येकदां त्याच दिवशीं घरीं धाडतात. सकाळीं जन्मलेली मुलगी संध्याकाळीं आमच्या खोलींत होती, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतां एक प्रौढ बाई दारांत उभ्या राहिल्या. या व्यवस्थेला डच भाषेंत 'क्रामझोर्ग' म्हणतात. शिकलेली परिचारिका सुमारें आठ दिवस रोज कांहीं तास घरीं येते. खर्चाचा मोठा भाग सक्तीच्या आरोग्यविम्यांतून भागतो. तिची कंबर दुखूं नये म्हणून बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर उंच करून ठेवावा लागतो. बाईंनीं बाळाचें अंग किती ऊन आहे तें मोजलें, पाजण्याची रीत दाखविली, सारें नोंदवहींत टिपलें, न्हाणीघर घासलें, आणि भेटीस आलेल्या मंडळींना वेळ संपतांच उठविलेंहि. हें शेवटचें काम आपल्याकडील कोणत्या मावशीला साधलें असतें?

धुरीला मात्र त्यांनीं साफ नकार दिला. (छतावरील धुराच्या घंटेनें त्याहून मोठ्यानें दिला असता.) शेगडीच्या जागीं, कापडांत गुंडाळलेली ऊन पाण्याची धातूची बाटली बाळाच्या अंथरुणांत आली. आमचें त्यांचें खरें सूत जुळलें तें बाळंतशोपांवरून. डच घरीं मूल झालें कीं लोणी लावलेल्या कुरकुरीत टोस्टावर साखरेंत घोळविलेले ॲनिसचे दाणे पसरून देतात. दाण्याला बारीक शेपटी असते म्हणून त्यांस 'छोटे उंदीर' म्हणतात. ॲनिस शोपेच्याच कुळांतलें, आणि त्यानें दूध वाढतें ही समजूतहि तीच. बाईंनीं डब्याचा वास घेतला व त्या मोठ्यानें हंसल्या. सांगलीच्या आणि हॉलंडच्या आज्या एकमेकींस कधीं भेटल्या नव्हत्या. तरी बाळंतिणीच्या ताटांत काय वाढावें यावर त्यांचें एकमत होतें.

नांवाच्या बाबतींत मात्र असें एकमत नव्हतें. तेथें जन्माची वर्दी तीन दिवसांच्या आंत नगरपालिकेंत द्यावी लागते, आणि नांव त्याच वेळीं लिहून घेतात. पुढें तें बदलावयाचें तर वकील गांठून न्यायालयांत जावें लागतें. आपल्याकडे बारसें बाराव्या दिवशीं, आणि नांव ठेवण्याचा मान आत्याचा. तिसऱ्या दिवशीं आम्हीं कचेरींत नांव लिहून दिलें व सांगलीस फोन केला. आमची धाकटी बहीण बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "दादा, मग बाराव्या दिवशीं मी काय करूं?"

याला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. कायद्यालाहि दोष देववेना, कारण नोंद नाहीं तर मूल कोणाचें, हा प्रश्न तेथें खरोखरच उभा राहतो. डच भूमीवर जन्मल्यानें मूल डच होत नाहीं. आणि 3 डिसेंबर 2004 पासूनच्या आपल्या कायद्यान्वयें, परदेशीं जन्मलेलें मूल भारतीय ठरावें तर वर्षाच्या आंत वकिलातींत नोंद करावी लागते. हेगच्या वकिलातींतून कागद येईपर्यंत आमची मुलगी केवळ आमचीच होती.

आठव्या दिवशीं बाईंनीं नोंदवही हातीं दिली व निरोप घेतला. नियमाप्रमाणें त्यांचें काम संपलें होतें. त्यानंतरचे चार दिवस घर फार मोठें वाटलें. बाराव्या दिवशीं आम्हीं घुगऱ्या शिजविल्या, आणि सांगलीस संध्याकाळ होतांच फोन बाळाच्या कानाशीं धरला. बहिणीनें कुर्रर्र केलें व नांव सांगितलें. तें दप्तरांतलें नव्हतें. पाळण्यांतलें नांव वेगळें असतें, एवढेंच ती म्हणाली. सांगलीची मंडळी मुलीला त्याच नांवानें हांक मारतात.