पाळण्याची कडी

वाईच्या आमच्या घरात माजघराच्या मधोमध बल्ब लोंबत असे. तुळईवर लाकडाचा गोल ठोकळा, त्यावर सीलिंग रोज, तिथून हातभर वायर आणि होल्डर. या एप्रिलात आईला उकाडा सोसेना, तेव्हा ठरलं, बल्ब काढून तिथंच पंखा लावायचा. वाटलं, अर्ध्या तासाचं काम. बल्ब ६० वॅटचा, पंखा ७५चा; दोन तारा वर आलेल्याच आहेत.

वायरमननं बटण बंद केलं, स्टुलावर चढून बल्ब काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बटण चालू करून पुन्हा बंद केलं, तरी आतला शेंदरी ठिपका तसाच. ‘‘बटण न्यूट्रलवर टाकलंय कुणीतरी,’’ तो म्हणाला. बटणानं फेज तोडायला हवा. न्यूट्रल तोडला तरी दिवा विझतोच, पण वीज होल्डरपर्यंत येऊन उभी असते. मी मात्र दहावीपासून अंघोळीच्या ओल्या पायांनीसुद्धा या बटणाच्या भरवशावर बल्ब बदलत आलो होतो. अंधार झाला की वीज गेली, इतकंच आमचं विजेचं ज्ञान.

मग मेन स्विच पाडून केसिंग-कॅपिंगची पट्टी उघडली. आतल्या तारांवरचं रबर बोट लागताच पापडासारखं तुटलं. तारा नव्या ओढल्या. पंख्याचं अंग लोखंडी, म्हणून अर्थिंगची तिसरीही आली.

खरा प्रश्न वजनाचा. बल्ब वायरीलाच लटकतो, ठोकळ्याला दोन स्क्रू पुरतात. पंखा चारेक किलोचा, शिवाय फिरताना हिसके देणारा. ठोकळ्याला खेटूनच तुळईत जुनी लोखंडी कडी होती. वायरमनची नजर तिच्यावर गेली.

‘‘अहो, ती पाळण्याची आहे,’’ आई म्हणाली. माझं आणि ताईचं बारसं त्याच कडीखाली झालेलं.

‘‘रिकामीच आहे की काकू.’’

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पकड शोधायला लागलो.

तो गडी कडीला दोन्ही हातांनी धरून लोंबकळला, पाय उचलून दोनदा झोकाही घेतला. तुळईतून चिमूटभर भुसा खाली पडला. कडी तसूभर हलली नाही. शॅकलचा बोल्ट कडीतून घातला, नट आवळला आणि स्प्लिट पिनेची टोकं वाकवली, कारण थरथरीनं नट हळूहळू सैल होतो. दिव्याची रवानगी भिंतीवर झाली, ट्यूब होऊन. पात्यांच्या वर दिवा ठेवला असता तर सगळं माजघर लुकलुकलं असतं.

पंखा दोनवर ठेवला की बारीक कुरकुरतो. वायरमनला बोलवू का, विचारलं तर आई नको म्हणते. परवा ट्यूब गेली. मी बटण बंद करून स्टूल ओढलं, तेवढ्यात पंखाही थांबला, स्वयंपाकघरातला फ्रीजही गप्प झाला. आई मेन स्विच पाडून, हातात टेस्टर घेऊन दारात उभी होती.