समुद्राने परत न दिलेली माणसे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तिन्ही शहरे आज लोकलच्या वेळापत्रकावर जगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, आणि हळूहळू या शहरांनी पाण्याकडे पाठ फिरविली. त्यापूर्वी शेकडो वर्षे येथील व्यापार उल्हास नदी आणि खाडी यांच्या भरतीओहोटीवर चालत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख बाजारपेठ म्हणून येतो; कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर माणसे पाठविली, त्या गावांच्या आठवणींत परतलेले आणि न परतलेले असे दोघेही असतात.

परतलेल्याची आठवण ठाण्याच्या टेंभी नाक्यावर भेटते. तेथील श्री मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर 'कोकण शत्रुंजय' या नावाने सर्वत्र ओळखले जाते आणि श्रीपाल राजाच्या कथेमुळे या क्षेत्राला विशेष महत्त्व आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपदाच्या ओळीत घरोघर आयंबिलाचे तप होते, व्याख्यानांत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकविली जाते. रत्नशेखरसूरींनी ती प्राकृतात रचली. पुढे विनयविजयजींनी गुजरातीत 'श्रीपाल रास' लिहावयास घेतला. तो अपुरा असतानाच त्यांचा काळ झाला आणि यशोविजयजींनी तो पूर्ण केला. रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये रचलेला हा ग्रंथ आजही ओळीच्या दिवसांत वाचला जातो.

कथेतील समुद्राचा प्रसंग व्यापारी घरांनी नीट ऐकावा असा आहे. धवल शेठची अडून बसलेली जहाजे श्रीपालाच्या नवपद-ध्यानाने हलली. तरीही त्याच उपकारकर्त्याची संपत्ती पाहून शेठच्या मनात मत्सर शिरला आणि त्याने श्रीपालास कपटाने समुद्रात ढकलले. श्रीपालाने सिद्धचक्राचे स्मरण केले, मगरीच्या पाठीवरून तो कोकणच्या किनाऱ्यास लागला आणि ठाण्याच्या वसुपाल राजाचा जावई झाला. पुढे धवल शेठ पुन्हा त्याचा घात करण्यास गेला, तेव्हा स्वतःच्याच शस्त्राने मेला. श्रीपालाने त्याच्यासाठी शोक केला. ज्याने बुडविले त्याचेही जुने उपकार त्याने विसरले नाहीत. कोकण शत्रुंजयास जाणाऱ्या यात्रिकाने बरोबर न्यावे ते एवढेच.

परंतु प्रत्येकाच्या नशिबी मगरीची पाठ नसते. ज्या ठाण्यात श्रीपाल किनाऱ्यास लागला असे कथा सांगते, त्याच ठाण्याचा एक राजा समुद्रातून परतला नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील शेवटचा राजा सोमेश्वर हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाशी लढला. जमिनीवर हार झाल्यावर तो जहाजांच्या आश्रयास गेला आणि समुद्रातच नष्ट झाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सांगितले आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध याच युद्धाशी जोडतात. खालच्या पट्ट्यांत रणधुमाळी आणि वरच्या पट्ट्यांत स्वर्गाकडे जाणारे वीर. ज्यांचे देह हाती लागले नाहीत, त्यांच्यासाठी गावाने दगड उभे केले.

सोमेश्वराची कथा राजघराण्याची आहे. सहाशे वर्षांनी समुद्राने साध्या प्रवाशांची घरे रिकामी केली, आणि ती आठवण डोंबिवली-ठाण्याच्या कच्छी व सौराष्ट्री कुटुंबांना अधिक जवळची आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईकडे एक आगबोट निघाली. तिचे नाव 'वैतरणा'. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातून समुद्रास मिळणाऱ्या नदीचेही हेच नाव. विजेच्या दिव्यांनी उजळलेली म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. तीत व्यापारी होते, लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेले विद्यार्थी होते. द्वारकेहून पुढे वादळाने तिला गाठले आणि सातशेहून अधिक माणसांसह ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी नाहीशी झाली. शोधास गेलेल्यांच्या हाती काहीच लागले नाही. नंतरच्या चौकशीत जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे आढळले. कच्छ-सौराष्ट्रात तिच्यावर विलापगीते रचली गेली आणि लोकांनी ती तोंडी जपली. ज्या घरांकडे मृतदेह नव्हता, त्यांच्याकडे गाणे राहिले.

हरवलेल्या माणसाच्या घराची खरी कसोटी रडणे ओसरल्यावर लागते. दाराशी पाऊल वाजले की मान वर होते. कपाटातील कपडे कोणाला द्यावेत की ठेवावेत, हे ठरत नाही. व्यवहारही अडून राहतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, ज्याची वार्ता त्याच्या जवळच्या माणसांना स्वाभाविकपणे कळली असती, परंतु सात वर्षे कळली नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ही तरतूद कलम १११ मध्ये कायम ठेवली आहे. बेपत्ता खातेदाराच्या ठेवीविषयी रिझर्व्ह बँकेने बँकांना मर्यादित रकमेपर्यंत सवलतीची वाट आखून दिली आहे. पोलिसांतील तक्रार, शोध न लागल्याचा पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्र घेऊन बँक न्यायालयीन आदेशाचा आग्रह न धरता दावा निकालात काढू शकते. म्हणून समुद्रावर वा परदेशी जाणाऱ्याच्या घरी नामनिर्देशन केलेले असावे आणि माणूस हरवल्याची तक्रार वेळीच नोंदविलेली असावी. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात हे सुचत नाही आणि पुढे त्याचीच अडचण होते.

या कायद्यात एक बारकावा आहे. सात वर्षांनी कायदा मृत्यू गृहीत धरतो. मृत्यूची तारीख मात्र गृहीत धरीत नाही. ती हवी असेल तर वेगळी सिद्ध करावी लागते. म्हणजे खाते बंद होते, पण तिथी मिळत नाही. मग आठवण कोणत्या दिवशी करावी?

जैन आगमांत यास दिशा दाखविणारा एक शब्द आहे. 'उपासकदशांग' सूत्रातील सद्दालपुत्राच्या अध्ययनात भगवान महावीरांना महासार्थवाह आणि महानिर्यामक म्हटले आहे. सार्थवाह म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा रान पार करून नेणारा, निर्यामक म्हणजे जहाज पैलतीरास नेणारा सुकाणूधारी. व्यापाऱ्यांच्या समाजाने आपल्या परमगुरूला आपल्याच जगातील दोन सर्वांत भरवशाच्या माणसांची नावे दिली. जो दुसऱ्याच्या श्वासाची जबाबदारी आपल्या माथी घेतो, तो निर्यामक.

आजचा असा एक निर्यामक कोकणच्या किनाऱ्यावर भेटतो. मालवणजवळच्या तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. ठाणे-डोंबिवलीची तरुण मुले सुट्टीत तेथे जातात. दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब जमिनीच्या दुप्पट होतो. म्हणून प्रशिक्षकाचा पहिला पाठ असतो: श्वास कधीही रोखू नये, वर येताना घाई करू नये आणि सोबत्याला सोडून जाऊ नये. श्वासाकडे लक्ष ठेवण्याची ही शिस्त प्रतिक्रमण करणाऱ्यास परकी नाही. कायोत्सर्गात एका नवकारास आठ श्वासोच्छ्वास, असेच मोजमाप आहे. घाबरलेल्या मुलाचा हात धरून पाण्याखाली डोळ्यांनी खुणावणारा असा शिक्षक एखाद्या दिवशी स्वतःच समुद्रात हरवतो, तेव्हा त्याच्या घराइतकेच त्याचे शिष्यही पोरके होतात. बोलावे कोणाशी आणि हात जोडावेत कोठे, हे त्यांना कळत नाही.

त्यांना जैन परंपरेचा गुणानुवाद उपयोगी पडावा. येथे पिंड नाही, श्राद्ध नाही. गेलेल्या जीवाची गती त्याच्या कर्मांनी ठरते. मागे राहिलेल्यांच्या हाती असते ते त्याचे गुण आठवून त्यांची अनुमोदना करणे. गुणानुवादास देह लागत नाही, राख लागत नाही, तिथीही लागत नाही. एका संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, त्याने काय शिकविले ते प्रत्येकाने सांगावे, आणि त्याच्या नावे जीवदयेचे वा विद्यादानाचे एखादे काम हाती घ्यावे. संवत्सरीस 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना त्याचेही नाव घ्यावे. राहून गेलेले बोलणे तेथे पुरे होते.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील कोळी नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करतात आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. समुद्राने काय नेले ते त्यांना ठाऊक असते. तरी ते त्याच्याशी वैर धरीत नाहीत. टेंभी नाक्यावरील मंदिर आणि चेंदणीचा काठ यांत फार अंतर नाही. ओळीच्या दिवसांत दर्शनास आलेल्या कुटुंबाने पुढे खाडीपर्यंत चालत जावे, मुलांना श्रीपालाची कथा सांगावी आणि 'वीजळी'तून न परतलेल्यांसाठी, आपल्या ओळखीच्या एखाद्या हरवलेल्या निर्यामकासाठी, तेथे उभ्यानेच एक नवकार म्हणावा.