वाढत्या मापाची सायकल

मराठी घरांत कपडे घेताना एक वाक्य हमखास कानी पडते : ‘वाढत्या अंगाचे घ्या.’ मूल आज ज्या मापाचे आहे ते बाजूला ठेवायचे आणि दोन वर्षांनी ते ज्या मापाचे होईल, त्या अंदाजाने खरेदी करायची. या काटकसरीत वावगे काही नाही. बाही दुमडता येते, दुमडलेली शिलाई पुढे उसवून सोडताही येते. सायकलीची नळी मात्र दुमडता येत नाही, आणि तरीही आमच्याकडे सायकल याच न्यायाने घेतली जाते.

माझ्या पिढीला तर मापाचा प्रश्नच पडला नव्हता. घरात सायकल एक आणि ती वडिलांची : काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची चाकांची. सीटवर पोचण्याची आशा नसलेली आम्ही मुले तिच्या त्रिकोणातून पाय पलीकडे घालून, अंग तिरके करून, अर्धे अर्धे पायडल मारत शिकलो. तासाच्या किरायाने लहान सायकली मिळत, पण त्या बहुधा मुलांच्या वाट्याला जात. यंत्र जसे आहे तसे राहणार, वाकायचे ते आपण, हा धडा आम्ही व्याकरणाच्याही आधी गिरवला.

सायकलीच्या इतिहासात मात्र याच्या अगदी उलट काळ होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकलीचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून चाक जितके मोठे तितका वेग जास्त, आणि चाक किती मोठे घ्यायचे हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. पाय लांब असणाऱ्याला वेग जन्मतःच लाभलेला. पुढे साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल आली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ बाजारात आली आणि ही रचना रूढ झाली. वेगाचा भार दातेरी चक्रांनी उचलला आणि आखूड पायांच्या माणसाचीही सोय झाली. माप उरले ते केवळ बसण्यापुरते. पण ‘केवळ’ हा शब्द इथे फसवा आहे.

बाजारातल्या आकड्यांनी हा गोंधळ वाढवला आहे. दांडीच्या जुन्या सायकलीचा ‘२२’ किंवा ‘२४’ हा आकडा चौकटीचा असतो, म्हणजे पायडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंतच्या इंचांचा. मुलांच्या आणि आजच्या रंगीत सायकलींवरचा ‘२०’, ‘२४’, ‘२६’ हा आकडा चाकाचा असतो. त्यामुळे एका भाषेतली ‘चोवीस’ उंच पुरुषाची, तर दुसरीतली ‘चोवीस’ दहा वर्षांच्या मुलीची. शब्द एक आणि अर्थ दोन असले की अनर्थ कसा होतो, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

हे सारे आज महत्त्वाचे वाटते ते एका सरकारी रकमेमुळे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिघातल्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. पैसे मुलीच्या बँक खात्यात जमा होतात आणि सायकल दुकानातून निवडून आणायची असते. गडचिरोली-चंद्रपूरच्या कित्येक घरांत मुलीच्या नावाने आलेली ही पहिलीच वस्तू असेल.

आमच्या तालुक्याच्या गावी अशी एक खरेदी मी पाहिली. वडील म्हणत होते, ‘पोरगी वाढत्या अंगाची हाये भाऊ, जराशी मोठीच द्या. भावालेबी चालली पायजे.’ मुलगी हँडलवर हात ठेवून गप्प उभी. तिला कोणी सीटवर बसवून पाहिले नाही. पैसे तिच्या नावाचे, पण माप घरातल्या पुरुषांचे. उंबरठ्यावरचे माप ओलांडायला मुलीला सांगणारा समाज तिचे स्वतःचे माप घ्यायला विसरतो, असे त्या क्षणी वाटून गेले.

माप घेणे अवघड नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांच्या मध्ये एक पुस्तक वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. हॅम्ले आणि थॉमस या अभ्यासकांनी १९६७ मध्ये या लांबीच्या १०९ टक्के इतके अंतर, सर्वांत खाली असलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सुचवले. म्हणजे लांबी ७० सेंटिमीटर असेल तर अंतर सुमारे ७६. टेप नसेल तर सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला की उंची बेताची. सीट त्याहून फार खाली असेल तर गुडघे कुरकुरतात. फार वर असेल तर कंबर डुलते. सीटच्या दांड्यावर कोरलेल्या खुणेपलीकडे मात्र ती कधीही वर ओढू नये.

पण हे गणित वेगाचे आहे. आमच्याकडे सायकल मुरमाच्या आणि रेतीच्या वाटेवरून जाते. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या रानात वाघ-बिबट्यांचा वावर असतो आणि मुली घोळक्याने जातात. पुढची एकाएकी थांबली की मागचीला दोन्ही पाय टेकता आले पाहिजेत. म्हणून नवशिकीने सीट सूत्रापेक्षा थोडी खालीच ठेवावी. हात बसल्यानंतर ती पान्याने वर घेता येते. कॅरिअरवर दप्तर, मोहफुलांचे गाठोडे किंवा सरपण असेल तर मागून टांग टाकता येत नाही. तिथे आडव्या दांडीऐवजी खाली झुकलेली नळी उपयोगी पडते. तिला ‘लेडीज’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा मोळी बांधून उतरून पाहावे.

वाढत्या अंगासाठी सीट आणि हँडल वर घेण्याची सोय मुळातच असते. तेवढी वाढ सायकल सोसते. चौकट मात्र आजच्या मुलीची हवी. दोन वर्षांनी ती उंच होईल हे खरे, पण शाळेत तिला उद्या सकाळी पोचायचे आहे. सायकल मोठी म्हणून या दोन वर्षांत ती भावाकडे गेली, तर मुलगी वाढेल आणि शाळा मात्र सुटलेली असेल.